पायांपासून वर

आज पुन्हा पाकीट आलं, बाबा.
सात सेंटचा चेक.
वरचं तिकीट त्याहून कितीतरी महाग.
कुठल्याशा देशात, कुठल्याशा रात्री
कुणीतरी तो भाग पुन्हा लावला असणार,
ज्यात तुम्ही दार उघडता,
'इथे कुणी राहत नाही' म्हणता
आणि दार लावून घेता.

बैरूतला तुम्ही भूगोल शिकवायचात.
ग्लेंडेलमध्ये मामाचं दुकान मिळालं, आठ बाय दहाचं,
सोल्युशनच्या वासानं भरलेलं.
एक दिवस स्टुडिओचा माणूस आला,
नवे कोरे बूट घेऊन:
'हे उद्यापर्यंत वीस वर्षांनी जुने करून हवेत.'
तुम्ही मान वर केलीत.
तो बघतच राहिला. म्हणाला,
'बुटांचं राहू दे, तू उद्या काय करतोयस?'

मग फोन यायला लागले.
तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढायचे,
मगच हॅलो.
पलीकडून डोरीन: 'ह्रांत, दाढी आहे ना अजून?'
दाढी असली की अरब, ग्रीक, इराणी.
उतरवली की इटालियन.
नुसती मिशी असेल तर मेक्सिकन,
आणि रशियन व्हायला न हसणं पुरे.
आर्मेनियन एकदाच झालात.
तो प्रसंग कापला.

श्रेयनामावलीत तुम्ही टॅक्सीवाला,
दुसरा शेजारी, शवागारातला माणूस.
फक्त एका पात्राला नाव होतं, युसुफ.
आईनं अख्खी गल्ली जेवायला बोलावली,
आणि पिलाफ वाढून होईस्तोवर
युसुफ मेलासुद्धा.

कॅमेरा कमरेखाली येत नाही, आई म्हणायची.
तुम्ही म्हणायचात, माणूस पायांपासून वर चढतो.
आणि शूटिंगच्या आदल्या रात्री
दुरुस्तीला आलेल्या जोडांच्या फळीपुढे
तुम्ही उभे.
न्यायाधीशासाठी दंतवैद्याचे,
खुन्यासाठी चर्चमधल्या ऑर्गनवाल्याचे,
एकदा तर शेजारच्या विधुराच्या सपाता.
घालायच्या, दुकानात चार फेऱ्या मारायच्या.
तिसऱ्या फेरीला खांदे बदलायचे.
मी पाहिलंय. मी गल्ल्यामागे गृहपाठ करत असायचे.

अवेदिस किराणावाला आला तो दिवस आठवतो?
हातात पावती, तोंड लाल.
'काल रात्री नऊच्या मालिकेत
चादरीतून बाहेर आलेले मढ्याचे पाय.
ते बूट माझे होते.'
तुम्ही हातातली हातोडी खाली ठेवलीत.
बराच वेळ कुणीच बोलेना.
मग तो हळूच म्हणाला,
'अकरा सेकंद दिसले. मी मोजले.'
त्यानं ते पुन्हा पायात घातले नाहीत.
ऑलिव्हच्या बरण्यांशेजारी, काचेच्या कपाटात ठेवले.
येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, हे टीव्हीवर होते.
आत पाय कुणाचे होते
ते मात्र सांगायचं राहून जायचं.

हॉस्पिटलात ती फिलिपिनो नर्स
सारखी तुमच्याकडे वळून बघत होती.
'तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो.'
तुम्ही नाकावरचा मास्क बाजूला केलात.
'बूट दिले असशील शिवायला.'
ती हसली. नंतर दाराबाहेर थबकली,
कपाळावर बोट टेकवून.

पेटीचं झाकण अर्धंच उघडं राहतं,
अंत्यविधीवाला म्हणाला, पाय दिसत नाहीत,
काहीही चालेल.
काहीही.
मी दुकान उघडलं, दीड तास फळीपुढे उभी राहिले.
न्यायाधीश, टॅक्सीवाला, दुसरा शेजारी,
कुणाचे घालायचे तुम्हाला?
तुमचे स्वतःचे म्हणावेत असे
कुठे सापडलेच नाहीत.

शेवटी एक तपकिरी जोड उचलला.
टाच तुम्हीच बसवलेली,
दोरीला चिठ्ठी: चारशे बारा,
शनिवारी तयार.

हा चेकही मी डब्यात टाकते,
आधीच्या सगळ्यांच्या वर.
दुकान अजून सोडलेलं नाही. शनिवारी उघडते,
दुपारपर्यंत बसते.
चारशे बाराची पावती घेऊन
अजून कुणी आलेलं नाही.