बिनडोक

वाल्पाराइसोच्या धक्क्यावर आई मेर्लुसा साफ करायची.
सुरी कल्ल्यामागे, एकच घाव,
आणि डोकं मागे न बघता पाण्यात.
खाली समुद्रसिंह आ वासून असायचे.
त्यातल्या एका जाड्याला ती ‘वसुलदार’ म्हणायची.
हप्त्याला उशीर झाला की तो बोंब ठोकायचा.

मी टेकडीवर काम करते, तळघरात.
बोटाएवढे मासे, अंगावर निळे पट्टे, नऊशे टाक्या.
सकाळी आठला दिवे लागतात,
त्यांना वाटतं उजाडलं, आणि माद्या अंडी सोडतात.
मी ती चहाच्या गाळणीनं गोळा करते,
मोजते,
साडेअठ्ठावीस अंशांच्या कपाटात ठेवते.

सहाव्या तासाला मासा असा काही नसतोच.
बलकावर पेशींची टोपी, अर्ध्यापर्यंत ओढलेली.
तरी तिथं हाकाटी चालू असते, असं बाराओना बाई सांगतात.
(बाई भिंगातून डोळा न काढता बोलतात,
त्यामुळे त्या माझ्याशी बोलतात की माशाशी
हे पहिलं वर्षभर मला कळलं नव्हतं.)
मागच्या बाजूनं हाक येते: इकडे या, पाठ व्हा, शेपूट व्हा.
आणि बहुतेक पेशी जातात.
पुढच्या काही मात्र ऐकत नाहीत.
त्यांच्या कानांवर हात ठेवणारं एक जनुक आहे.
त्या तेवढ्या शांततेत
कपाळ धरतं, डोळे धरतात,
पुढचा मेंदू धरतो.

“म्हणजे मेंदू कुणी करत नाही?”
“करतात गं. पण आधी त्याला कुणाचं तरी
ऐकू द्यायचं नसतं.”

ते जनुक मोडलं की पिल्लाला पुढचं डोकंच येत नाही.
म्हणून जनुकाचं नाव: बिनडोक.
अशीच सगळी नावं. एक एकडोळ्या, एक चकणा.
मागच्या बाकावरच्या पोरांनी ठेवावीत तशी.
काम चोख करत होतं तोवर त्याला नाव नव्हतं.

रविवारी आईला सांगितलं.
ती इतकी हसली की कॉफी सांडली.
“तुला मी दुसरं काय म्हणायचे?”

मग मी तिला पुढचं सांगितलं,
की पिल्लाचं स्वतःचं जनुक मोडकं असलं तरी निभावतं,
कारण अंड्यात आईनं आधीच थोडं ठेवलेलं असतं,
त्या शिदोरीवर डोकं होऊन जातं.
दोन्हीकडे खडखडाट असेल तरच
आई काही बोलली नाही. फडक्यानं टेबल पुसत राहिली.

मी तेरा वर्षांची होते. एलेउतेरिओ, होडीवाला,
धक्क्यावरून ओरडत होता:
“नोल्फाला लाव कामाला, हात कमी पडतायत,
शाळेत काय ठेवलंय!”
आईनं सुरी खाली ठेवली
आणि तिचे ओले, थंड तळवे
माझ्या दोन्ही कानांवर दाबले.
त्याचं तोंड हलताना दिसत होतं.
आत फक्त समुद्रासारखा घूं घूं आवाज.
रात्री माझ्या केसांतून खवले निघाले.

आज चोविसावा तास. एकेचाळीस नंबरची ताटली.
दोन्हीकडून रिकामी निघालेली पिल्लं.
शेपूट वळवळतंय, हृदय नुकतं धडधडू लागलंय,
आणि पुढे, जिथं डोळे असायचे तिथं, नुसतं गुळगुळीत.
नोंद करायची, फोटो काढायचा,
मग औषधाच्या बाटलीत.
मागे न बघता टाकायला मी लहानपणीच शिकले होते.

मी खुर्ची ओढून घेते,
आणि बघत बसते.