कमाल वजन पस्तीस किलो

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी
गौराक्का हत्तरकी पंपाच्या मोटरी भरते.
तांब्याची तार तिच्या बोटांतून
शेवयांसारखी निघते.
आज तिच्या टेबलावर सम्मेदची गाडी उताणी पडलीय:
निळी, कमरेएवढी, चोवीस व्होल्टची,
हँडलला अजून दसऱ्याचा हार,
झेंडू वाळून करकरीत.

ॲक्सिलरेटर पिळला तर दिवा लागतो,
कंट्रोलर टिक म्हणतो,
चाक मात्र रुसलेल्या जावयागत
जागचं हलत नाही.

"बॅटरी गेली असणार," मी म्हणालो.
बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस
कशाबद्दलही खात्रीनं बोलतो.
अक्कानं मीटरच्या दोन सुया टेकवल्या.
पंचवीस पूर्णांक सहा.
"बॅटरी ठणठणीत हाय.
उगं तिच्यावर आळ घेऊ नका."

ॲक्सिलरेटरची तार तपासली:
पिळला की आकडा चढतो, सोडला की उतरतो.
तोही सुटला.
वीज कंट्रोलरमधून निघतेय,
मोटरच्या दारापर्यंत पोचतेय,
आतून कोणी कडी काढत नाही.

मग तिनं साखळी उतरवली, मोटर सोडवली,
बॅटरीला थेट लावून बघितली.
काही नाही.
"वास घेतो का जरा?" म्हणत तिनं स्वतःच नाक लावलं,
मग माझ्यापुढं धरली.
जळक्या वार्निशचा वास.
मला तो आधीच माहीत होता.

झाकण निघालं.
कार्बन झिजून नखाएवढे,
कम्युटेटर तव्यासारखा काळा,
आणि तांब्याला रंग आलेला
काहिलीत करपलेल्या गुळाचा.

"ही चालून चालून मेलेली नव्हं," अक्का म्हणाली.
"ही ओढून मेल्या. चढावर.
मी पैजंवर सांगतो, बक्कळ वजन होतं.
कोण बसलं होतं रं बाळा?"

सम्मेदनं माझ्याकडं बघितलं नाही.
"मीच. मागं दोघं बसवले होते."

आणि मी, ज्यानं रविवारी त्याला
वस्तू नीट वापरण्यावर पाऊण तास ऐकवलं होतं,
भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

गुरुवारी रात्री, पावणेबाराला,
टेंबलाईच्या चढावर,
गुडघे कानांशी,
सत्याऐंशी किलोचा एक ब्रँच अकाउंटंट.
लहानपणी अशी गाडी हवी होती, असंही काही नाही.
तेव्हा अशा गाड्याच नव्हत्या.
नुसतं बसावंसं वाटलं.
अर्ध्या चढावर सीटखालून धूर आला.
ढकलत आणली, पायरीजवळ होती तशी लावली,
वर बघितलं तर खिडकीचा पडदा हलत होता.
वारा असेल म्हटलं.

नवी मोटर आली. तेवढ्याच ताकदीची,
दात मोजून नऊ, साखळी तीच.
फक्त भोकं दोन मिलिमीटर इकडं.
अक्कानं कानस माझ्या हातात दिली.
"घासा. तुम्हीच घासा."
घासलं. लोखंडाचा चुरा
ऑफिसच्या पँटवर पडत राहिला.

तारा जोडल्या, चाक अधांतरी धरून ॲक्सिलरेटर पिळला
तर चाक उलटं पळालं!
सम्मेद पहिल्यांदा हसला.
अक्कानं लाल काळ्याला, काळी लालला लावली,
आणि चाक शहाण्यासारखं पुढं.

दोन हजार पन्नास झाले.
जळलेल्या मोटरमधलं चुंबक तिनं पोराला काढून दिलं.
ते त्यानं माझ्या पट्ट्याच्या बक्कलला चिकटवलं
आणि तसंच राहू दिलं.

घरी जाताना गाडी माझ्या स्कूटरच्या पायथ्याशी आडवी,
तो मागं, कमरेला घट्ट.
सिग्नलला इंजिन शांत झालं तेव्हा
कानाजवळ येऊन, अगदी हळू:

"पप्पा,
चढ आला की उतरून ढकलायची असते."