मालकाचा रकाना

जालन्यात, आरटीओच्या भिंतीला टेकून
माझं टेबल आहे. पाय तीन, चौथी वीट.
वीस रुपयांत फॉर्म भरतो
आणि फुकटात आडनावं वाचतो.

'नाव?' 'शहानूर.' 'आडनाव?' 'बारगीर.'
पेन थांबलं माझं.
'म्हणजे काय, माहितेय?'
'मालूम नाही. शाळेत पोरं बारदान म्हणायची.'

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सांगितलं:
स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार.
मांडीखाली सरकारी पागेतला घोडा, तो बारगीर.
चंदी त्यांची, नाल त्यांची, खोगीर त्यांचं,
पडलास तर हाड तेवढं तुझं.
आणि त्याच्याही आधी, फारसीत,
बारगीर म्हणजे घोडाच. ओझ्याचा.
पाठीवरचा शब्द कधीतरी
वर बसलेल्याला चिकटला.

तो हसला. 'मंग बराबर हाय की.
गाडी शेटची, डिझेल शेटचं,
सळई सोळा टन,
आन् झोप माझी.'

समोर चौकात फ्लेक्स होता,
'साहेबांचे निष्ठावंत शिलेदार',
अठ्ठावीस चेहरे, बावीस गॉगल.
एकाच्याही बुडाखालची जीप स्वतःची नाही.
बारगीर कुणी छापत नाही.
खोगीरभरती मात्र रोज म्हणतो आपण,
घोडा कुठं गेला, विसरलोत.

जाता जाता शहानूरनं एक गोष्ट ठेवली टेबलावर,
त्याच्या आज्याकडची:
खापरपणज्याचा घोडा परांड्याच्या अलीकडं
पोट फुगून मेला.
त्यानं पुठ्ठ्यावरचा डाग सुरीनं कापला,
मिठात घातला,
खोगीर डोक्यावर घेऊन अकरा दिवस चालला छावणीपर्यंत.
डाग नाही दाखवला तर घोडा विकला म्हणायचे.
कारकुनानं चामडं काडीनं उलटवलं, नाक धरलं,
लिहिलं, घोडा मयत.
माणसाचं काय लिहिलं
ते आज्याला ठाऊक नव्हतं.

वर्षभरानं तो परत आला. एसटीनं.
उजवी भुवई नव्हती.
मांजरसुंब्याच्या घाटात गाडी पेटली होती.
पोत्यातून नंबरप्लेट काढली,
काळी, वाकडी, एक स्क्रू अजून लोंबणारा.
'शेट म्हनला, पुरावा आन.'

मी फॉर्म सरळ केला.
मालकाचं नाव लिहिलं, ठळक.
'चेसिसचा छाप?'
शर्टाच्या खिशातून त्यानं घडी उलगडली:
शिसपेन्सिलीनं घासून घासून
जळक्या लोखंडावरून उतरवलेले आकडे,
मधला एक आठ की तीन, कळेना.
कागदाला वास होता.
मी नाक धरलं नाही.

भुवईसाठी रकाना नव्हता त्या फॉर्मात.
समास होता,
बोटभर.