मोर्तब

डंडीत, टे नदीच्या काठी,
मी प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुते.
फ्लास्क, बरण्या, रुंद तोंडाच्या बाटल्या.
बाजूच्या उबदार कपाटात गुलाबी पाण्यात
कुणाकुणाच्या पेशी रात्रभर वाढत असतात,
बाहेर पुलावर वारा.

पुण्यात असताना मी दफ्तरात मोडी वाचायचे.
आधी आडवी रेघ, मग तिला लोंबकळणारी अक्षरं,
हात न उचलता लिहिलेली,
दोन शब्दांत बोटभर फट नाही.
साबडे सर म्हणायचे, घाबरू नका,
आधी श्री शोधा.
एक घर चुकून तोडलंत तर
घोड्याची पागा होईल आणि पागेचं पागोटं.

चहाच्या वेळी आयला गेडेसनं बिस्किटाच्या खोक्यावर
चार अक्षरं पुन्हापुन्हा लिहिली. ओळ संपेना.
हे आपण, म्हणाली.
मी विचारलं, सुरुवात कुठून?
तिनं पेन खाली ठेवलं. भांडी धुणारीनं
हे विचारायचं नसतं बहुतेक.
मग तीन अक्षरांभोवती गोल केला: इथून.
म्हणजे श्री, मी म्हटलं.
श्-र्र-री, ती म्हणाली. तिचा र माझ्यापेक्षा सुरेख.

मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाही.
हे मला सांगावं लागलं नाही.
नक्कल जाते. नक्कल करताना एक अक्षर बदलतात,
प्रत्येक कारकुनाचं वळण असतंच.
बाहेर ती दोन पाळ्यांच्या जात्यात शिरते,
पण हे जातं उलटं: दळत नाही, जोडतं.
तीन अक्षरं सरकतात, एक हमाल येतो,
पाठीवर एकच मणी,
छातीवर त्या तिघांना जुळणारा बिल्ला.
बिल्ला पटला की मणी माळेत,
हमाल रिकाम्या हातानं परत.
माळ बाहेर लोंबते आणि
कुणी न सांगता स्वतःची घडी घालते.
काही मदतनीस असतात म्हणे, पण घडी तिची तिलाच ठाऊक.
एका सेकंदात पाच-सहा मणी, आयला सांगते,
तुझ्या या बोटात, आत्ता, कप विसळताना.

मी बोटाकडे पाहिलं. साबण होता.

आणि शेवट?
शेवटाला तीन अक्षरं अशी,
की त्यांचा मणी कुणाकडेच नाही.
लेखनसीमा. मोर्तब सूद.

चारशे सतरा नंबरचा फ्लास्क एका मुलाचा.
नाव आम्हाला कळत नाही.
पाच वर्षांचा आहे, आयला एवढंच म्हणाली,
उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात रोवून
स्वतःच्याच अंगावर चढतो.
त्याच्या स्नायूंचं पत्र फार लांब,
जवळजवळ सगळं बरोबर लिहिलेलं,
एक अक्षर फिरलं,
आणि मधेच, वाक्य चालू असताना,
शिक्का.

असं एक पत्र मी पाहिलं होतं.
कुठल्याशा गढीवरून. चिरंजीवाचे पायास, एवढं लिहून
खाली मोर्तब, आणि उरलेला कागद कोरा.
सरांनी समासात पेन्सिलीनं लिहिलेलं:
अपुरे? की एवढेच?
मी रोज तो कागद उजेडाला धरायचे,
जणू पुढचं मागून दिसेल.

आयला त्या जात्याला फसवू पाहते.
थेंबभर औषध घालते, जे म्हणतं,
हा शिक्का खोटा आहे, चल पुढे.
शंभरात दोनदा ऐकतं. कधी तीनदा.
मग ती वहीत लिहिते, आणि घरी जाते,
आणि मी राहते.

नियम असा की संध्याकाळी सगळं ब्लीचमध्ये.
मी चारशे सतरा शेवटी घेते.
झाकण उघडायच्या आधी दिव्याला धरते,
तळाशी पेशी, धुकं पडल्यासारख्या,
आणि म्हणते, वाच रे, पुढे वाच.
मराठीतच म्हणते.
त्यांना कुठली भाषा येते, मला काय ठाऊक.