इतर

दुसऱ्या तासाची घंटा झाली की
दाराशी बुटांचे तळवे घासतात.
मी मान वर करत नाही.
मान वर केली की मुलं परत जातात,
एकवीस वर्षांत एवढं तरी शिकले.

"पोट," तो म्हणतो.
मी थर्मामीटर पुढे करते.
कानामे, आठवी ब.
कोणी हिसकावून नेईल अशा बेताने
काखेत घट्ट धरून बसतो.
छत्तीस पूर्णांक चार.
काल छत्तीस पूर्णांक चार.
परवाही.
ताप नाही.

आता ताप म्हणजे काय, ते मला विचारू नका.
संताप असतो, मनस्ताप असतो, डोक्याला ताप असतो;
यातल्या एकानेही आकडा हलत नाही.
माझ्या नोंदवहीत रकाने चार:
डोकं, पोट, खरचटलं, इतर.
पहिल्या तिघांची औषधं कपाटात आहेत.
चौथ्यासाठी एक पलंग,
एक फिकट हिरवा पडदा,
आणि मी. तीही सव्वा चारपर्यंत.

पडद्याआडून तो कधीकधी बोलतो.
पडद्याआड सोपं जातं, दोघांनाही.
"बाबा पहाटे तीनला उठतात.
आधी फोनवर पाण्याचं तापमान बघतात.
मुत्सूच्या उपसागरात एक बोया तरंगतो, तो आकडा पाठवतो.
'सव्वीस,' म्हणतात.
मग दिवसभर काहीच म्हणत नाहीत."

सव्वीसला शिंपले मरतात.
दोर वर ओढावेत तर
उघडी तोंडं, आत कोणी नाही.
गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे
म्हणून कोणी कोणाला सांगत नाही.

उपमुख्याध्यापक नुमाता येतात, हातात गैरहजेरीचा तक्ता.
"हा मुलगा आजारी आहे की नाही?"
नोंदवहीत आहे ना, सर.
"इतर म्हणजे काय?"
इतर म्हणजे, जे विचारायला
तुम्ही जिना उतरून आलात,
ते.

समुपदेशक ओगासावारा बाई
दर दुसऱ्या गुरुवारी येतात, दोन बस बदलून.
प्रत्येकाला चाळीस मिनिटं. यादीत नऊ मुलं.
हिशेब तुम्हीच करा. मी केला होता, खोडला.
कानामेचं नाव मी वर सरकवलं.
त्यासाठी एक नाव खाली सरकलं.
तेही मला पाठ आहे.

नोव्हेंबरात सातवीतली एक मुलगी आली,
श्वास तोकडा, बोटं आखडलेली.
मी फोनवर होते, कोणाच्या तरी मोडलेल्या मनगटापायी.
पडदा सरकला.
त्याने तिला थर्मामीटर दिला.
नाव विचारलं नाही,
काय झालं विचारलं नाही.
शेजारी बसला, मध्ये एक खुर्ची सोडून,
आणि शंभरापासून उलटं मोजू लागला, मोठ्याने.
सत्त्याहत्तरनंतर पंचाहत्तर म्हणाला.
"शहात्तर!"
हुंदक्यातून, चिडून, ती म्हणाली.

त्या दिवशी नोंदवहीत तिची वेळ लिहिली.
कारण: इतर.
उपचार, या रकान्याशी
बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं: शहात्तर.

कानामे अजून येतो.
त्याच्या वर्गापर्यंत पायऱ्या बत्तीस.
परवा अठरा चढला, उतरला,
आणि येऊन चहा मागितला.
काल आलाच नाही.
मी दोनदा जिन्याखाली जाऊन उभी राहिले,
काहीतरी विसरल्यासारखी.

आज आला. छत्तीस पूर्णांक सहा.
"वाढलंय," तो म्हणाला.
थोडंसं.
"बाबांना सांगाल?"

इतक्यासाठी कोणी घरी कळवत नाही.
मी फोन लावला.
रिंग जात राहिली, जात राहिली,
तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता.

होडी चारला लागते.
मी सव्वा चारपर्यंत आहे.