उतार

आमच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली
की ती आपणहून खिडकीकडे जायची.
पाच वर्षांचा होईतो मला वाटे,
गोट्यांना उजेड आवडतो.

विनशल गाव, चेशर परगणा.
खाली शंभर हातांवर मिठाचा थर,
थरावर काळोखातलं पाणी,
आणि कंपनीचे पंप ते खारं पाणी रात्रंदिवस उपसत.
जेवढं मीठ वर यायचं
तेवढं गाव खाली जायचं.
हिशेब सरळ होता, घरं तेवढी वाकडी.

टनिक्लिफच्या दुकानात शिरायला
आजोबा तीन पायऱ्या चढत,
वडील सरळ आत जात,
आणि मी दोन पायऱ्या उतरून
रेशनकार्ड पुढे करायचो, लिमलेटच्या गोळ्यांसाठी.

बँक लाकडी सांगाड्यावर उभी.
खचली की खालून जॅक लावून उचलायचे,
आत मॅनेजर लेदरसाहेब नोटा मोजत बसलेले,
डाव्या हातानं दौत धरून.

वडील मिठाच्या कढयांवर होते.
अंगावर विजार आणि वाफ, एवढंच.
रात्री आई त्यांच्या तळव्यांच्या भेगांत
बदकाची चरबी भरायची.
जेवायला बसण्याआधी ते वाकून
टेबलाच्या पायाखाली एक पेनी सरकवत.
दर नाताळाला आणखी एक.
"ही आपली बचत," म्हणत.

पायाखालची जमीन सरकली, असं लोक म्हणतात
तेव्हा काही भयंकर घडलेलं असतं.
आमची रोजच सरकायची.
तुळया कुरकुरल्या तर आई कूस बदलून म्हणे,
"झोप. घर बसतंय."
आणि मला दिसायचं, घर बसतंय
गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश,
आजोबांसारखं.

चोपन्नच्या नोव्हेंबरात, मंगळवारी पहाटे,
गॅसवर्क्स लेन बसली ती उठलीच नाही.
आधी कोंबड्या गप्प झाल्या.
मग जमिनीनं ढेकर दिली.
उजाडलं तेव्हा तिथं पाणी होतं,
पाण्यावर यारवुडांच्या घराचं धुराडं.
कोणीतरी होडी नेऊन हात लावला,
विटा अजून कोमट होत्या.

जीवितहानी नाही, असं तळ्याकाठच्या फलकावर आहे.
फलक आमच्या इतिहास मंडळाचा.
मजकूर माझा, खर्च बेकरीवाल्याचा.
तारीख बरोबर. तळ्याची खोली बरोबर.

हेस्टर यारवुड त्यात नाही.
माझ्याच बाकावर बसायची, डावखुरी,
कोपराला कोपर लागून शाई सांडायची.
सोमवारी तिची हिरवी गोटी मी घेतली,
उद्या देतो म्हणालो.
गुरुवारी ते सगळे लॉरीतून गेले,
हलला मावशीकडे, पुढे कॅनडाला म्हणे.
ती गाद्यांवर बसली होती
कोणाचे तरी मोठे बूट घालून,
आणि बुटांकडेच बघत होती.
गोटी माझ्या खिशात होती.
हात खिशात होता.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही तर गावच खाल्लं,
चिमटीचिमटीनं, आणि उरलेलं जगभर विकलं.
कोणी कोणाला जागायचं?

आता टेकडीवरच्या बंगलीत राहतो.
काँक्रीटचा पाया, विमा कंपनीचं पत्र.
शनिवारी मंडळाची पोरं येतात, रेकॉर्डर लावतात,
"मिस्टर डटन, अजून काही आठवतं?"
मी बँकेची गोष्ट सांगतो.
दौतीपाशी ती हसतात, दर वेळी.

ती गेली की ड्रॉवरमधून गोटी काढून
फरशीवर ठेवतो.
जिथल्या तिथे.
चहा होईतो बघतो. जिथल्या तिथे.

मग खिडकी कुठल्या बाजूला आहे ते पाहून
खुर्चीला धरून वाकतो,
आणि हळूच
फुंकर घालतो.