वाण

गंगाखेडच्या पुढं, डांबर संपतं तिथं,
उपकेंद्राच्या ओट्यावर मथुरा बसली आहे.
थंडपेटीत बर्फ, जांभळ्या टोपणाच्या नळ्या,
संमतिपत्राची चार पानं.
"सुई एकदाच ना?"

रक्त कशाला, ते सांगायचं होतं मला.
प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलेली पिळाची शिडी
इथं कुणाच्या कामाची?
समोर ज्वारी निसवली होती.
म्हणलं, मथुरा, काणी पडते
तेव्हा सगळ्याच ताटांना पडते का?

ती हसली. "एकाच तासातलं, एकाच पाभरीनं पेरलेलं.
हे कणीस मोत्यावाणी, शेजारचं काळी भुकटी.
वारं तेच, पाणी तेच.
वाण वेगळा, दुसरं काय."
आणि गप्प झाली.

द्रुपदा तिच्या पाठची.
एका मांडवात, एका घरात दिलेल्या दोघी,
थोरल्याला ही, धाकट्याला ती.
तो विषाणू दोघींकडेही आला असेल,
बहुतेकींकडे येतो, गुमान निघून जातो.
मथुराच्या अंगानं त्याला उंबऱ्यातनंच परतवलं.
द्रुपदाच्या अंगाला
तो परका आहे हेच कळलं नाही.
अंगावरून जात होतं तरी निंदणीला जायची.
अंबाजोगाईला नेली तेव्हा
कापूस वेचून झाला होता.

"सासू म्हणायची, तिचं वागणंच..."
मथुरानं वाक्य तोडलं,
दातानं दोरा तोडावा तसं.
"मंग वागण्यानं नाही ना, माय?
लिवा की तसं, कागदावर."

कागदावर तो रकाना नाही.
वय आहे, लग्नाचं वय, बाळंतपणं,
घरात आणखी कुणाला.
लांब कुठंतरी, हजार बायांच्या रक्तात
एखादं अक्षर इकडचं तिकडं झालंय का, शोधतील.
नळीवर नाव नसतं, आकडा असतो.
निकाल गावात परत येत नाही.
तेही सांगितलं.

"आन् माझ्या पोरीत कुणाचा उतरलाय?
माझा, का मावशीचा?"
ठाऊक नाही, म्हणलं.
लस आहे, तिला घेऊन ये.
तिशी आली की तपासणीला पाठव.
अक्षर कोणतंही असो, वेळेवर पाहिलेलं बरं.

निघताना तिनं पदराची गाठ सोडली:
बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचं एक कांडं.
"कालची संक्रांत. घ्या."
मी हात मागं घेतला.
सहा वर्षं झाली, मला कुणी देत नाही,
गावाला माहीत आहे, तिलाही.

"वाण काय कुणाला इचारून मिळतं?"
ती म्हणाली,
आणि बोरं थंडपेटीच्या झाकणावर ठेवून
निघून गेली.